बॉक्सिंगमधला तुमचा वजनगट कसा ठरवाल?
पहिले दोन-तीन महिने वजनगट विसरा. नीट जेवा, झोपा, नियमित सराव करा. वजन बहुधा आपोआप एका आकड्याजवळ स्थिरावतं. मग आठवडाभर रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून सरासरी काढा. तुमचा गट त्याच्याच आसपास.

‘खालच्या गटात उतर, सोपं जाईल’ हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन बहुधा आदल्या दिवशी होतं, हौशी स्पर्धेत मात्र सहसा लढतीच्याच सकाळी. जिंकत गेलात तर पुढच्या लढतीच्या दिवशी पुन्हा काट्यावर उभं राहायचं. पाणी पिणं बंद करून उतरवलेला किलो भरून काढायला वेळच नसतो, आणि तहानलेल्या शरीराने डोक्यावर ठोसे खाणं धोक्याचं. अठराच्या आतल्या मुलामुलींनी तर हा विचारही करू नये.

दोन गटांच्या मध्ये असाल तर वरचा घ्या. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता. ४८ किलोत जगज्जेती ठरलेली मेरी कोम त्यात उतरली आणि कांस्यपदक घेऊन आली.

नाव नोंदवण्याआधी त्या स्पर्धेचे गट प्रशिक्षकांना विचारा. सगळीकडे ते सारखे नसतात.