तडजोड झाली, आता फौजदारी खटला कसा मिटवायचा?

'तक्रार मागे घेतो' असा अर्ज पोलीस ठाण्यात दिला की प्रकरण मिटलं, असं समजून आरोपी पुढच्या तारखेला जात नाही आणि त्याच्या नावाने वॉरंट निघतं. नोंदलेला एफआयआर फिर्यादीच्या सांगण्यावरून रद्द करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. शेवट कोर्टातच होतो.

आधी एफआयआर किंवा चार्जशीटमधलं प्रत्येक कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५९ मधल्या, तडजोड होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांच्या दोन तक्त्यांशी ताडून बघा. साधी मारहाण, बदनामी, साधी चोरी पहिल्या तक्त्यात येतात. तिथे कोर्टाची परवानगी लागत नाही. फसवून मालमत्ता घेणं दुसऱ्या तक्त्यात, तिथे लागते. सही कोणाची हेही तक्त्यातच दिलंय: मार भावाला लागला आणि फिर्याद तुम्ही दिली असेल, तर तडजोड भावाने करायची. दोन्ही बाजूंच्या सह्यांची पुरशिस (तडजोडीचं लेखी निवेदन) खटला चालू असलेल्या कोर्टात द्या. दबाव आहे का, पैसे मिळाले का, हे न्यायाधीश समोर उभं करून विचारतात. तडजोड नोंदली गेली की आरोपीची निर्दोष मुक्तता होते.

तक्त्यांत नसलेलं एक जरी कलम असलं, उदाहरणार्थ पत्नीचा छळ, तर एफआयआर रद्द करून घेण्यासाठी याच संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयातच जावं लागतं. याचिकेला एफआयआर, चार्जशीट, तडजोडीचा करार आणि फिर्यादीचं स्वतंत्र शपथपत्र जोडा. खरी घाण इथेच होते. शपथपत्रात गुन्हा क्रमांक, तडजोडीच्या अटी आणि प्रत्येक आरोपीचं नाव हवं. सासू-सासऱ्यांची नावं राहिली तर त्यांच्यावरचा खटला चालू राहू शकतो. जखमी एकाहून अधिक असतील तर सगळ्यांची संमती घ्या. रकमेचा शेवटचा हप्ता डिमांड ड्राफ्टने, रद्दचा आदेश होताना द्यायचा असं करारातच लिहा. सगळी रक्कम आधी दिली की समोरचा सहीला फिरकेल याची खात्री नाही, आणि आधी सही दिली तर पैसे अडकतात.

खून, बलात्कार, दरोडा यांत तडजोड चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ग्यान सिंग निकालात स्पष्ट केलंय. खुनाच्या प्रयत्नाचं कलम असेल, तर जखम शरीराच्या कोणत्या भागावर आहे, हत्यार काय होतं, हे तपासलं जातं. म्हणून वैद्यकीय कागद आधी वकिलाला दाखवा.

उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत खालच्या कोर्टात आणि पोलीस ठाण्यात स्वतः पोचवा, पोच घ्या. तिथे प्रकरण निकाली निघेपर्यंत एकही तारीख चुकवू नका.