समिती पावसाळ्यात बनते, दिवाळीनंतर गाव रिकामं होतं

सातपुड्यात फेलोशिपवर शाळेच्या कामाला नव्याने येणारी बहुतेक मुलं-मुली जून-जुलैत रुजू होतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या बाजूला तेव्हा माणसं शेतात राबत असली तरी गावातच असतात. बैठक बोलावली की येतात. शाळा व्यवस्थापन समिती भराभर उभी राहते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला हवं तेही जुळतं, तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया. फोटो निघतो, अहवाल जातो.

मी ज्या सापळ्यात अडकले तो हाच. तुम्ही अडकू नये म्हणून जरा पाल्हाळ लावते.

ज्वारी-मका घरात आला, दिवाळी झाली की पाडेच्या पाडे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला उतरतात. अध्यक्ष पडावावर, म्हणजे तोडीच्या तळावर, सदस्यही पडावावर. ज्या मुलांसाठी समिती केली त्यांतली निम्मी आई-बापाबरोबर. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणाऱ्यांची एक जोडी; दोघंही फडात, तेव्हा तान्ह्या पोराला सांभाळायला मोठी बहीण जाणारच. चौथीतली मुलगी अशीच सुटते. तिला शाळा नकोशी झालेली नसते, तिच्या कडेवर भाऊ असतो.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि चांगली आहे. मूल गावात नातेवाइकांकडे राहतं, जेवणाची सोय शाळेत होते. पण त्यासाठीचं सर्वेक्षण कधी होतं ते बघा. तोडीला माणसं नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती श्रावण-भादव्यात, घरातलं धान्य संपलेलं असतं तेव्हा. उचल घेतली की कोण जाणार, किती जण जाणार, पोरांचं काय, हे सगळं त्याच दिवशी ठरलेलं असतं. ऑक्टोबरात शाळेत बसून यादी करणाऱ्याच्या हाती ठरून गेलेल्या गोष्टीची नोंद लागते. शिवाय मंजुरी यायच्या आत गाड्या भरून निघून गेल्या, तर वसतिगृह कागदावर सुरू आणि मुलं बारडोलीकडे.

म्हणून पहिल्या पावसाळ्यात समितीची घाई करू नका. आधी पाड्या-पाड्याची यादी करा. कोणतं घर जातं, कोणत्या मुकादमाबरोबर, कुठल्या तालुक्यात, कधी परततं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे कोण उरतं. हा शेवटचा रकाना भरल्याशिवाय कुणाचंही नाव समितीत सुचवू नका.

मागे उरतात आजी-आजोबा. ‘ते पालक नाहीत, सदस्य कसे होणार?’ असं तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. तिथे गप्प बसू नका. मुलाची देखभाल आणि ताबा ज्या व्यक्तीकडे आहे ती पालक, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. नातवंडं सांभाळणारी आजी समितीत बसू शकते. आमच्याकडे वरच्या पाड्यातली एक आजी अशी आली. बैठकीत बोलायची नाही. वसतिगृहाचा तांदूळ आला त्या दिवशी मात्र तिने घरून काटा आणला आणि पोतं त्याला लावायला सांगितलं. दर वर्षी मोहफुलं विकणारी बाई, वजनात कसं मारतात ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पोतं कमी भरलं. तिने ते उतरवून घेऊ दिलं नाही. त्या दिवसानंतर माल घेताना तिला बोलावणं हा रिवाजच झाला.

दुसरं, रात्रीचा मुक्काम. चारची जीप पकडून धडगावला परतणाऱ्याला पाडा कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. इथली घरं आपापल्या शेतात, उतारावर विखुरलेली. लोक एकत्र येतात ते जेवणानंतर, आणि खरं बोलणं तेव्हाच होतं, तेही पावरीत नाहीतर भिलोरीत. मराठीत होणाऱ्या बैठकीत मराठी येणारे चार पुरुष बोलतात आणि तेच ‘गावाचं मत’ ठरतं. भाषा शिका. शहरात दोन दिवसांच्या कार्यशाळेत ‘सहभागी पद्धती’ शिकवणाऱ्या मार्गदर्शकांचा मला फारसा उपयोग झाला नाही. एकाच खोऱ्यात दहा-पंधरा वर्षं काढलेली अंगणवाडीची ताई शोधा आणि तिच्यामागे फिरा.

पहिले काही महिने कुणी मोकळं बोलणार नाही. त्याने खचू नका. तुम्ही नालायक आहात असा त्याचा अर्थ नाही. लोकांनी वर्षाच्या करारावर येऊन जाणारे पुष्कळ पाहिलेत, थंडीत तुम्ही दिसता का, एवढंच ते बघत असतात.

हेही लक्षात असू द्या की वसतिगृह म्हणजे मलमपट्टी. लोक का जातात, या प्रश्नाचं उत्तर पाणी, जंगल आणि गावातलं काम यांत आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून जंगल राखलं, नियम आणि दंड स्वतःच ठरवले, पाणी अडवलं, आणि तिथलं स्थलांतर आटलं. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या कामाला तीनेक दशकं होऊन गेली होती. तुमच्या फेलोशिपच्या मुदतीत हे होणार नाही. पण सुरुवात होऊ शकते: २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक दावा, आणि पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, पाड्याची स्वतःची ग्रामसभा. या ग्रामसभेसाठी पाड्याचा ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. ग्रामपंचायतीच्या गावी भरणाऱ्या सभेला वरच्या पाड्यातली बाई डोंगर उतरून येत नाही, तिच्या अंगणात सभा भरली तर बसते. आयते ठराव छापून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. लोकांनी न बोललेला ठराव पहिल्याच चौकशीत उघडा पडतो.

आणि होळी सोडू नका. भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या बाजारांच्या, सुमारास गेलेली माणसं परततात, दिवाळीनंतर तेव्हाच काय तो सगळा पाडा एका जागी असतो. सणाच्या दिवसांत कागद काढू नका, नाचा, जेवा. सण उरकला की, काही जण पुन्हा ऊसाकडे वळायच्या आत, पाड्यातच बसून वसतिगृहाचा हिशेब त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचा. किती पोती आली, किती मुलं राहिली, कुणाचं मूल जानेवारीत निघून गेलं आणि का. पुढच्या श्रावणात मुकादम येण्याआधी कुणाच्या घरी जायचं, ती नावं त्याच बैठकीत लिहून घ्या.