थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: या चुका टाळा

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा लघुपट स्पर्धेसाठी थ्रिलरचं ओपनिंग करायचं ठरलं की पहिला मसुदा बहुतेक वेळा एकाच वळणाचा असतो. रात्र आहे, घरात एकटी मुलगी आहे. बेल वाजते, दार उघडलं तर बाहेर कोणी नाही. मग दिवे जातात, मागून सावली सरकते, किंचाळी, काळा पडदा आणि लघुपटाचं नाव. यातला एकेक तुकडा वाईट नाही. तरीही बघणारा घाबरत नाही, कारण घाबरायला लागणारी माहितीच त्याच्याकडे नसते. मुलगी कोण, घर कसं आहे, सावली असल्याने नेमकं काय बिघडणार आहे, यातलं काहीच त्याला कळलेलं नसतं. काळजी वाटण्यापुरतं त्याला आधी सांगावं लागतं. ओपनिंगमधल्या निम्म्याहून जास्त चुका या एका गोष्टीच्या विसरातून होतात, म्हणून एकच उदाहरण कागदापासून एडिटपर्यंत नेऊन बघू.

कॅमेऱ्याला न दिसणारं लिहिणं

पहिल्या मसुद्यात असं काहीतरी असतं:

"घर. रात्र. नेहा सोफ्यावर बसली आहे. कोणीतरी आपल्याला बघतंय असं तिला राहून राहून वाटतं. गेल्या वर्षीची ती घटना तिला आठवते. ती अस्वस्थ होते."

कथेत हे चालेल. पटकथेत चालत नाही, कारण शूटिंगच्या दिवशी 'आठवते'चं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. मग अभिनेत्रीला भुवया आक्रसायला सांगितलं जातं, नाहीतर एडिटमध्ये काळापांढरा फ्लॅशबॅक घुसतो. मसुदा हातात घ्या आणि जे दिसत किंवा ऐकू येत नाही अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. वाटतं, आठवतं, जाणवतं, लक्षात येतं ही क्रियापदं दिसली की थांबा आणि त्यांच्या जागी एखादी वस्तू किंवा कृती शोधा.

तोच प्रसंग पुन्हा लिहिला:

"बाहेर पाऊस. नेहा जिना चढून येते. दाराला बाहेरून कुलूप. ती पर्समधून किल्ली काढते, कुलूप उघडते, आत येते. छत्री मिटून दाराशी टेकवते आणि स्वयंपाकघरात जाते. पॅसेजच्या टोकाला दुसरी एक छत्री उभी आहे. तिच्यातून पाणी ठिबकतंय."

आता एक प्रश्न उभा राहिला. बाहेरून कुलूप असलेल्या घरात ओली छत्री कुठून आली? यासाठी एकही संवाद लागला नाही. घरात कोणी नसायला हवं, हे कुलपानेच सांगितलं. नाहीतर शेजारच्या काकूंच्या तोंडी "काय गं, आई-बाबा गावाला गेलेत ना, एकटीच का?" असं वाक्य घालावं लागलं असतं. असं वाक्य नेहाशी बोललं जात नाही, ते प्रेक्षकाला ऐकवलं जातं, आणि ते त्याला लगेच समजतं.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. दोन मिनिटांच्या ओपनिंगसाठी सहा पानं झाली असतील तर शूटिंगला जाण्याआधीच कापाकापी करा.

गोंधळाला रहस्य समजणं

सर्वांत जास्त ओपनिंग इथे फसतात. छत्रीचा प्रश्न तयार झाला की टीमला वाटतं, अजून थोडं हवं. मग अनोळखी नंबरवरून फोन येतो, भिंतीवर चेहरा फाडलेला फोटो लागतो, टीव्हीवर खुनाची बातमी चालते. चार प्रश्न एकदम आले की प्रेक्षक एकही धरून ठेवत नाही. 'पुढे कळेल' म्हणून तो मागे रेलतो आणि ताण तिथेच सुटतो. दोन मिनिटांत प्रश्न एकच ठेवा, आणि तो शेजारी बसलेल्याला एका वाक्यात सांगता येईल इतका स्पष्ट ठेवा. फोन, फोटो आणि बातमी चांगली असतील तर पाचव्या मिनिटाला वापरा.

दुसरा निर्णय याहून महत्त्वाचा आहे: छत्री आधी कोणाला दिसते? थ्रिलरसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आहे हे त्याला आधीच दाखवलं आणि टेबलावरची माणसं साध्या गप्पा मारत राहिली, तर पंधरा मिनिटं तो खुर्चीच्या टोकावर बसतो. आपल्या उदाहरणात नेहाला छत्री आधी दिसली तर ती दचकेल, आपणही दचकू आणि प्रसंग संपेल. छत्री फक्त आपल्याला दिसली तर ती चहा ठेवते, आलं किसते, गाणं गुणगुणते, हे सगळं साधं वागणं असह्य होत जातं. म्हणून तिला स्वयंपाकघरात निवांत राहू द्या आणि फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यात पॅसेज दिसत राहू द्या.

तिसऱ्या मसुद्यात शेवटही बदलतो. चहाचा कप घेऊन ती बाहेर येते, पॅसेजमधून आपल्या खोलीकडे जाते. छत्री आता तिथे नाही. फरशीवर फक्त पाणी आहे, आणि त्यात तिचा पाय पडतो. ती खाली बघते, मग वर छताकडे बघते: गळतंय की काय? इथे नाव टाका. किंचाळी नको, सावली नको. आपल्याला जे माहीत आहे ते तिला अजून माहीत नाही. पुढचा लघुपट बघायला एवढं पुरेसं आहे.

या शेवटाला अभिनेत्री घाबरलेली दिसायला हवी, असा आग्रह दिग्दर्शक विद्यार्थी हमखास धरतो. धरू नका. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला तर बघणारा त्यात वेगवेगळ्या भावना वाचतो. ओल्या छत्रीनंतर आलेला शांत चेहरा प्रेक्षक स्वतःच भीतीने भरतो. नेहाने आधीच डोळे विस्फारले तर त्याच्यासाठी काही काम उरत नाही.

अंधार म्हणजे लाइट बंद करणं नव्हे

घरातले दिवे बंद करून मोबाइलवर शूट केलं की फोन आपोआप उजेड टिपण्याची संवेदनशीलता वाढवतो आणि पडद्यावर काळ्याऐवजी करडी, किडे वळवळल्यासारखी जाळी दिसते. एडिटमध्ये ती जात नाही. उजेड करा, पण एका बाजूने आणि थोड्या जागेवर. पॅसेजच्या टोकाला बाथरूमचा दिवा लावून दार अर्धवट उघडं ठेवलं तर छत्रीची कडा आणि ठिबकणारा थेंब उजळतो, बाकीचं काळोखात राहतं. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (चित्र किती उजळ दिसेल ते) आणि फोकस लॉक करा. नाहीतर नेहा फ्रेममधून गेली की सगळं दृश्य एकदा उजळतं, एकदा मंदावतं.

पावसाचंही असंच. समोरून सपाट उजेड असेल तर धो धो पाऊससुद्धा कॅमेऱ्यात दिसत नाही. पावसाच्या मागे दिवा हवा, म्हणजे सरी चमकतात. जिन्याच्या खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा असेल तर कॅमेरा त्याच्याकडे तोंड करून लावा.

ट्यूबलाइटच्या उजेडात पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात, ही तक्रार फार येते. कारण साधं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर असतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्र टिपायला लागणारा वेळ, १/६० सेकंदाच्या आसपास. मॅन्युअल सेटिंग देणारं ॲप घ्या (ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप मोफत आहे), २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, पट्टे जातात. उजेड जास्त असेल तर १/१०० चालेल. तरीही पट्टे राहिले तर दोष त्या स्वस्त एलईडी दिव्याचा असतो. तो बदला.

दार कोणत्या बाजूला होतं?

नेहा डावीकडून आत येते, पॅसेज तिच्या उजवीकडे आहे. पुढच्या शॉटला कॅमेरा उलट भिंतीला लावला की पॅसेज अचानक डावीकडे जातो. छत्री दाराशी आहे की आत, हेच प्रेक्षकाला कळेनासं होतं. छत्री तर या प्रसंगाचा जीव आहे. नेहा आणि पॅसेज यांच्यामध्ये एक रेघ आहे असं समजा आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. शूटिंगआधी घराचा नकाशा कागदावर काढून प्रत्येक शॉटसाठी बाण मारले तर हा घोळ होत नाही. शिवाय दार, पॅसेज आणि स्वयंपाकघर एकत्र दाखवणारा एक लांबचा शॉट घ्याच. तो नसेल तर जवळच्या शॉटमधली कुठलीच जागा मनात बसत नाही.

कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात वस्तू तशाच दिसणं, सांभाळायला एक माणूस वेगळा नेमा. दोन टेकमध्ये छत्री सुकते. स्प्रेच्या बाटलीने प्रत्येक वेळी ती ओली करा आणि फरशीवरच्या पाण्याचा फोटो काढून ठेवा. प्रसंग पुढे जाईल तसं पाणी वाढायला हवं. ते मध्येच कमी झालं तर बारकाईने बघणारे बरोबर पकडतात.

जिन्यात किंवा सोसायटीच्या आवारात शूटिंग असेल तर सेक्रेटरीला आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. कोणी हातात खोटा चाकू किंवा पिस्तूल घेणार असेल तर रस्त्यावर, स्टेशनजवळ असलं काही करूच नका. लांबून बघणाऱ्याला ते खोटं आहे हे कळत नाही. रेल्वेच्या हद्दीत तर परवानगीशिवाय शूटिंग करता येत नाही.

आवाज: सर्वांत दुर्लक्षित, सर्वांत स्वस्त

चित्र थोडं कमी पडलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. आवाज फाटका असेल तर तो नवशिक्यांचं काम म्हणून सोडून देतो. थ्रिलर तर निम्मा कानांनीच बघितला जातो.

पहिली चूक म्हणजे पहिल्या सेकंदापासून घुमणारं संगीत. 'भीतीदायक' म्हणून डाउनलोड केलेला तो ट्रॅक प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतो की काहीतरी होणार आहे, आणि मग थेंबाचा टप् ऐकूच येत नाही. एकदा संगीत पूर्ण काढून एडिट बघा. प्रसंग कोसळला तर दोष प्रसंगात आहे, संगीताने तो फक्त झाकला होता.

दुसरी चूक पावसाची. प्रत्येक शॉटबरोबर रेकॉर्ड झालेला पाऊस वेगवेगळ्या जोराचा असतो आणि प्रत्येक कटला आवाज उडी मारतो. पंखा, फ्रिज बंद करून त्या खोलीत पावसाचा सलग दोन मिनिटांचा आवाज एकदाच घ्या आणि तो सगळ्या प्रसंगाखाली पसरा. निव्वळ खोलीचा आवाजही निदान अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. कुलूप, किल्ली, कप, थेंब हे नंतर घरीच, फोन वस्तूच्या अगदी जवळ धरून वेगळे रेकॉर्ड करा. रिकाम्या स्टीलच्या वाटीत पडणारा थेंब आणि ओल्या फरशीवर पडणारा थेंब यांत केवढा फरक आहे, हे ऐकून ठरवा. छत्री गायब होते त्या आधीच्या क्षणी थेंबाचा आवाज थांबवा. नेहाला ते कळणार नाही. प्रेक्षकाला कळेल.

वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज काही सेकंदांनी चित्राच्या मागेपुढे होऊ लागला तर बऱ्याचदा कारण फोनचा बदलता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला कमीजास्त होणारी फ्रेमची संख्या असते. एडिटला बसण्याआधी फाइल हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या.

नाव आणि अक्षरं

मराठी नाव टाकताना काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. 'रात्र' तुटका दिसला की आधीची सगळी मेहनत क्षणात हलकी होते. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीची सेटिंग असेल तर ती चालू करा, नसेल तर नाव दुसरीकडे लिहून पारदर्शक चित्र म्हणून आणा. रक्त ठिबकणारी अक्षरं टाळा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्त, बलू हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. साध्या जाड अक्षरात, गडद पार्श्वभूमीवर, वाचता येईल इतका वेळ नाव राहू द्या.

'कसं वाटलं?' विचारू नका

मित्र 'भारी' म्हणतात आणि विषय संपतो. लघुपटाबद्दल काहीच माहीत नसलेल्या कोणाला तरी बसवा, दोन मिनिटं दाखवा, थांबवा आणि विचारा: काय घडलं ते सांग. आता काय होईल असं वाटतं? मध्ये कुठे कंटाळा आला? 'कुलूप बाहेरून होतं' हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, तर कुलपाचा शॉट लहान पडला आहे, तो दीड-दोन सेकंद वाढवा. 'छत्री तिचीच होती ना?' असं कोणी विचारलं तर दोन छत्र्या सारख्या रंगाच्या आहेत. तो शॉट पुन्हा घ्यावा लागेल, दुसरी छत्री काळी आणि लांब दांड्याची घेऊन. बघणाऱ्यांपैकी दोघं एकाच जागी अडखळले तर वाद घालू नका, तिथे कात्री लावा. आणि ते बघत असताना तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. हात मोबाइलकडे कुठल्या सेकंदाला गेला ते वहीत लिहून ठेवा आणि पुढचा एडिट तिथून सुरू करा.