कारखान्यांचे उत्पादन: रेषीय प्रतिमान घ्यावे की लॉग-रेषीय?

उत्पादन, श्रम आणि भांडवल यांची वर्षवार आकडेवारी हाती आली, की आकडे आहेत तसेच घेऊन रेषीय समीकरण बसवावे की सगळ्यांचे लॉग घेऊन मग बसवावे, असा प्रश्न पडतो. पुष्कळ विद्यार्थी दोन्ही समीकरणे बसवतात आणि ज्याचा आर-वर्ग (चढउतारांपैकी समीकरणातून समजलेला भाग) मोठा ते निवडून मोकळे होतात. ही पद्धत चुकीची आहे. ती का चुकते आणि तिच्या जागी काय करावे, हे एका जुन्या आकडेवारीवर प्रत्यक्ष करून पाहू.

ही आकडेवारी गणिती चार्ल्स कॉब आणि पुढे इलिनॉयचे सिनेटर झालेले अर्थतज्ज्ञ पॉल डग्लस यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखातील, अमेरिकेच्या कारखानदारीची आहे. ती १८९९ ते १९२२ या चोवीस वर्षांची असून १८९९ सालचे तिन्ही निर्देशांक १०० धरले आहेत. १९२२ पर्यंत उत्पादन २४०, श्रम १६१ आणि भांडवल ४३१ वर पोहोचले होते. ओळी चोवीसच असल्याने हे सारे काम एक्सेलमध्येही सहज होते.

प्रथम दोन्ही समीकरणे लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशी, बसवावीत. रेषीय समीकरणात श्रमाचा गुणांक ०.९१७, भांडवलाचा ०.१५९ आणि स्थिरांक उणे ४.८६ येतो. लॉग-रेषीय समीकरणात, म्हणजे तिन्ही चलांचे नैसर्गिक लॉग घेतल्यावर, हेच आकडे अनुक्रमे ०.८०७, ०.२३३ आणि उणे ०.१७७ असे येतात. हे गुणांक शेजारी ठेवून तोलू नयेत, कारण त्यांचे अर्थच वेगळे आहेत. श्रमाचा निर्देशांक एका अंकाने वाढल्यास उत्पादनाचा निर्देशांक किती अंकांनी वाढेल हे रेषीय गुणांक सांगतो, तर श्रम एक टक्का वाढल्यास उत्पादन किती टक्के वाढेल हे, म्हणजे लवचिकता, लॉग-रेषीय गुणांक सांगतो. एखाद्या वर्षाचा किंवा कारखान्याचा आकडा शून्य असेल तर त्याचा लॉग निघत नाही. अशा वेळी मनाने ‘एक’ मिळवून पुढे जाण्याची सवय मला धोक्याची वाटते.

आता आर-वर्ग पाहू. रेषीय समीकरणाचा ०.९४२ आणि लॉग-रेषीयचा ०.९५७ आहे. परंतु पहिला आकडा उत्पादनातील चढउतारांपैकी किती भाग समजला हे सांगतो, तर दुसरा उत्पादनाच्या लॉगमधील चढउतारांपैकी किती भाग समजला हे सांगतो. एकाचे माप किलोत आणि दुसऱ्याचे फुटांत असताना मोठे कोण, हे विचारण्यासारखेच ते आहे. म्हणून तुलनेआधी दोन्ही समीकरणे एका मापावर आणावी लागतात, आणि त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग असा, की लॉग-रेषीय समीकरणाने दिलेले अंदाज घातांकाने उलटवून मूळ निर्देशांकात आणावेत आणि प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहावेत. असे केल्यावर चुकांच्या वर्गांची बेरीज सुमारे २,६३९ येते, तर रेषीय समीकरणाची २,५३४ आहे, म्हणजे मूळ मापावर रेषीय समीकरणच किंचित पुढे जाते. यात नवल नाही, कारण रेषीय समीकरण नेमकी हीच बेरीज कमीत कमी करण्यासाठी बसवलेले असते. उलटवताना अंदाज सरासरीपेक्षा थोडा खाली राहतो, हेही ध्यानात ठेवावे. या आकडेवारीत ती तूट ०.२ टक्क्यांहूनही कमी असल्याने सोडून देता येते. चुका मोठ्या असतील तर मात्र दुरुस्ती करावीच लागते.

दुसरा मार्ग अधिक न्याय्य आहे. संख्याशास्त्रज्ञ बॉक्स आणि कॉक्स यांनी १९६४ साली मांडलेल्या रूपांतराच्या विचारावर तो आधारलेला आहे. चोवीस वर्षांच्या उत्पादनाचा गुणोत्तर मध्य काढावा. तो लॉगांच्या सरासरीचा घातांक घेतल्यास मिळतो आणि येथे १६०.३ येतो. प्रत्येक वर्षाच्या उत्पादनाला या संख्येने भागून दोन्ही समीकरणे पुन्हा बसवावीत. आता अवशिष्टांच्या, म्हणजे प्रत्यक्ष आणि अंदाजित आकड्यांतील फरकांच्या, वर्गांच्या बेरजा थेट तोलता येतात: रेषीयची ०.०९८६ आणि लॉग-रेषीयची ०.०७१०. त्यांच्या गुणोत्तराचा लॉग घेऊन त्याला निरीक्षणांच्या निम्म्या संख्येने, म्हणजे १२ ने, गुणल्यास ३.९४ मिळतात. एक मुक्तिमात्रा असलेल्या काय-वर्गाची पाच टक्क्यांची सीमा, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे म्हणण्यासाठी ओलांडावी लागणारी संख्या, ३.८४ आहे. लॉग-रेषीय समीकरण जिंकते खरे, पण अगदी काठावर.

काठावरच्या निकालावर विसंबण्यापूर्वी अवशिष्टांचा आलेख काढावा. रेषीय समीकरणात पहिल्या बारा वर्षांच्या चुकांच्या वर्गांची बेरीज सुमारे ३५७ आहे आणि नंतरच्या बारा वर्षांची २,१७८, म्हणजे सहापट. उत्पादन वाढते तशी चूकही फोफावते. लॉग-रेषीयमध्ये हेच प्रमाण अडीचपटीच्या थोडे पुढे राहते. माझ्या मते आर-वर्गातील फरकापेक्षा हा पुरावा वजनदार आहे.

आर्थिक अर्थही तपासावा. भांडवलाचा निर्देशांक ५.८ अंकांनी वाढवला की श्रमाचा एक अंक केव्हाही काढून घेता येतो, असे रेषीय समीकरण मानते, मग कारखान्यात आधीच यंत्रे खच्चून भरलेली का असेनात. हे पटणारे नाही. लॉग-रेषीयमध्ये यंत्रे वाढत जातात तशी ही अदलाबदल महाग होत जाते, शिवाय दोन्ही लवचिकतांची बेरीज १.०४ येते, जी प्रमाणानुसार स्थिर प्रतिफळाच्या (श्रम आणि भांडवल दोन्ही दुप्पट केल्यास उत्पादनही दुप्पट) जवळ आहे. कॉब आणि डग्लस यांनी ही बेरीज बरोबर १ धरली होती आणि त्यांना पाऊण व पाव असे घातांक मिळाले.

तरीही एक गोष्ट दोन्ही समीकरणांना जमत नाही. १९१७ ते १९२१ या सलग पाच वर्षांत दोघांचेही अवशिष्ट ऋण आहेत, त्यामुळे चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतक डळमळते आणि वरच्या ३.९४ वर फार भार टाकता येत नाही. १९२१ च्या मंदीत उत्पादन २३१ वरून १७९ वर घसरले, पण भांडवलाचा निर्देशांक ४०७ वरून ४१७ वर गेला, कारण तो उभ्या असलेल्या यंत्रांची मोजदाद करतो, चालू असलेल्या यंत्रांची नव्हे. लगेच पुढच्या वर्षी उत्पादनाने उसळी घेतली आणि १९२२ ची चूक दोन्ही समीकरणांत सर्वांत मोठी ठरली: रेषीयमध्ये सुमारे २९ अंक, लॉग-रेषीयमध्ये सुमारे ३२. म्हणून ही दोन वर्षे वगळून सगळी तुलना पुन्हा एकदा करावी आणि दोन्ही निकाल अहवालात शेजारी शेजारी द्यावेत.