मिशनचा एक आठवडा, कॉल आलाय त्यांच्यासाठी

लोक ज्याला मॉर्मन म्हणतात त्या आपल्या चर्चकडून मिशनचा, म्हणजे धर्मप्रसाराला जायचा, कॉल आला की पहिले दोन दिवस नुसतं अभिनंदन चालतं आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, की तिकडे जाऊन दिवसभर करायचं काय नेमकं? आमची ब्रांच म्हणजे चर्चची छोटी शाखा, तीस-पस्तीस माणसांची, मिशन करून आलेला एकच दादा आणि त्याचंही मिशन भारतातच झालेलं, त्यामुळे माझा कॉल इंग्लंडचा आला तेव्हा तिथलं विचारायला कोणी नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

मुलांचं मिशन २४ महिन्यांचं, मुलींचं १८, आणि जागा आपण निवडायची नसते हे माहीत असेलच. कागदपत्रांबद्दल एवढंच सांगतो, की यूकेच्या व्हिसासाठी टीबीची टेस्ट लागते ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, आणि दातांचं काय काम असेल ते इथेच उरकून घ्या. आणि बूट. माझी आजी माळकरी, तिला सगळं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं कीर्तन करत फिरणार होय, मग पायात चांगलं घाल काहीतरी." बाकी कोणाचं ऐकलं नाहीत तरी आजीचं हे ऐका. तिथल्या पावसात माझा पहिला जोड चार महिन्यात गेला.

सुरुवातीला चोर्लीला ट्रेनिंग सेंटर, तिथेच आपल्या चर्चचं १९९८ चं प्रेस्टन टेंपल आहे, आणि माझा पहिला एरिया, म्हणजे कामाची जागा, पण प्रेस्टनच निघाला. आपल्या लोकांसाठी हे गाव म्हणजे मोठीच गोष्ट आहे बरं का. १८३७ मध्ये अमेरिकेतून पहिले मिशनरी आले ते इथे, आणि ३० जुलैला रिबल नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला, त्यात पहिला नंबर कोणाचा म्हणून दोघांनी नदीपर्यंत चक्क शर्यत लावली होती. जॉर्ज वॉट जिंकला. आम्ही तिथे गेलो तेव्हा मात्र नदीवर फक्त कुत्री फिरवणारे लोक होते, आणि आमच्याकडे बघायला कुत्र्यांनाही वेळ नव्हता.

आता आठवडा. सोमवार पी-डे, म्हणजे सुट्टी, पण संध्याकाळी सहापर्यंतच. कपडे धुणं, आठवड्याचा किराणा, केस कापणं, घर झाडणं यातच निम्मा दिवस जातो. घरी फोन याच दिवशी. फेब्रुवारी २०१९ च्या आधी वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, मदर्स डे आणि ख्रिसमसला, आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो, तर नशीब समजा. हिवाळ्यात तिथले सकाळचे अकरा म्हणजे आपले साडेचार, आई चहा घेत बसलेली असायची आणि पहिला प्रश्न "जेवलास का?" अकरा वाजता! पहिले तीन-चार कॉल ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडलोय, कारण एकटं रडायला दुसरी जागाच नसते. ते का, ते पुढे येतंच.

मंगळवारी डिस्ट्रिक्ट कौन्सिल, आसपासचे सगळे मिशनरी जमतात, ठीक असतं. बाकी रोजचं वेळापत्रक साधारण सारखंच, साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, स्वतःचा अभ्यास, मग कंपॅनियन, म्हणजे जोडीला दिलेला मिशनरी, त्याच्याबरोबर अभ्यास, मग बाहेर, रात्री साडेदहाला दिवे बंद. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि अंधारात दोन टायवाल्यांना दार कोण उघडणार, म्हणून तेव्हा बस स्टेशनला, बाजारात लोकांशी बोलायचं. लोक आपल्याला मॉर्मन म्हणून ओळखतात, चर्चने २०१८ पासून पूर्ण नाव वापरा असं सांगितलंय, पण द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स एवढं म्हणेपर्यंत दार बंद झालेलं असायचं. दार बंद झाल्याचं काही वाटत नाही हो नंतर. पंधरा दिवसात सवय होते. वाईट तेव्हा वाटतं जेव्हा कोणीतरी छान अर्धा तास बोलतं, पुढच्या बुधवारी या म्हणतं, आणि बुधवारी आतला टीव्ही चालू असून दार उघडत नाही.

बुधवारवरून आठवलं. एका गल्लीत दार वाजवलं तर गुजराती बा. प्रेस्टनमध्ये गुजराती पुष्कळ. माझ्या काळ्या नेमटॅगवरचं आडनाव वाचून म्हणाल्या, "मराठी ना?" लग्नाआधी मुंबईत होत्या म्हणे, मराठी मोडकंतोडकं पण गोड. आत या, चहा ठेवते. आजोबा घरात होते म्हणून आत गेलो, नाहीतर बाई एकटी असेल तर आत जायचं नसतं हा नियम, लक्षात ठेवा. आणि चहा तर आपल्याला चालत नाही. इथे ब्रांचमध्ये सगळे चहा न पिणारे, त्यामुळे नाही म्हणायची वेळच येत नाही, पण परदेशात सहा महिन्यांनी कोणीतरी मराठीत "चहा ठेवते" म्हणतंय आणि स्वयंपाकघरातून आल्याचा वास येतोय, तेव्हा नाही म्हणणं म्हणजे काय ते मलाच माहीत. त्यांनी विचारलं उपवास आहे का. जिभेवर हो आलं होतं, पण मग सांगितलं की बा, आमच्यात चहा-कॉफी घेत नाहीत. त्यांना जरा विचित्रच वाटलं, पण वेलची घालून गरम दूध दिलं दोघांना. त्यांना धर्माचं काही ऐकायचं नव्हतं, त्यांना वरच्या खोलीतली गादी खाली आणून हवी होती. त्या अरुंद जिन्यातून ती आणताना माझा कंपॅनियन भिंत आणि गादीच्या मध्ये अडकला आणि आजोबा खालून गुजरातीत सूचना देत होते, ज्या मी अंदाजाने इंग्रजीत करून सांगत होतो, निम्म्या चुकीच्या.

तर कंपॅनियन. सगळे तुम्हाला थंडीबद्दल सांगतील, जेवणाबद्दल सांगतील, पण माझ्या मते मिशनमधली खरी अवघड गोष्ट ही आहे. चोवीस तास एक माणूस, दिसेल आणि ऐकू येईल एवढ्या अंतरावर, आणि तो तुम्ही निवडलेला नसतो. एकटे फक्त बाथरूममध्ये. माझा अमेरिकेतल्या आयडाहोच्या शेतावर वाढलेला, मनाने सोन्यासारखा, पण अलार्म सहा वीसचा लावून तीनदा बंद करणार आणि मी जागा. आम्ही तीन आठवडे एकमेकांशी अतिशय नम्रपणे वागलो, आणि तेच चुकलं.

आठवड्याचं प्लॅनिंग असतं त्याच्या शेवटी कंपॅनियनशिप इन्व्हेंटरी नावाचा प्रकार असतो, समोरासमोर बसून एकमेकांबद्दल खटकणारं सांगायचं. आपल्याला असं बसून सांगायची सवय नसते, आपण भांडी आपटतो. त्या शुक्रवारी त्याने दहा मिनिटं माझं कौतुक केलं तेव्हाच मला कळलं की काहीतरी येतंय. मग म्हणाला, ती पिवळी पावडर. हिंग! आमची खोली एकच, कोपऱ्यात शेगडी आणि रेडिएटरवर वाळत घातलेले शर्ट, त्यामुळे गेले तीन आठवडे तो पांढऱ्याशुभ्र शर्टात फोडणीचा वास घेऊन लोकांना देवाबद्दल सांगत होता. मी इतका हसलो की त्याला आधी राग आला. मग मी अलार्मचं सांगितलं. ठरलं ते असं, शर्ट बाथरूममध्ये वाळणार, फोडणी खिडकी उघडून, अलार्म दाराजवळ ठेवायचा म्हणजे उठावंच लागेल. तेव्हा पहिल्याच आठवड्यात बोलून टाका, माझ्यासारखे थांबू नका.

शनिवारी आम्ही फूड बँकेत डबे लावायला जायचो. रविवारी दोन तास चर्च, खरेदी काही करायची नाही, दूध संपलं असेल तर संपलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास, तो आपल्याला सोपा जातो, साबुदाणा नसतो एवढंच.

दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर. कोण कुठे जाणार ते आधी काही दिवसच कळतं, मग दोन बॅगा भरायच्या आणि निघायचं, म्हणून सामान वाढवू नका. माझी बदली झाली तेव्हा मी बॅग भरत होतो आणि कंपॅनियन बाजूला उभा राहून बघत होता. एव्हाना रविवारच्या वरणाला तो माझ्या आधी ताट घेऊन बसायचा. म्हणाला, हिंगाची डबी ठेवून जा ना. मी नाही ठेवली. माझे अजून अकरा महिने बाकी होते.