कम्युनिटी कॉलेजातला जीपीए: पहिल्या टर्मआधी एवढं समजून घ्या

आपल्याकडे 75 टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) बहुतेक वर्गांमध्ये 75 टक्क्यांना सी ही ग्रेड मिळते. क्युपर्टिनोचं डी अँझा असो की फ्रीमाँटचं ओलोनी, एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर) आलेल्या मैत्रिणी आणि बारावी करून आलेली मुलं पहिल्यांदा इथेच गोंधळतात.

साधारणपणे 90 च्या वर ए, 80 च्या वर बी, 70 च्या वर सी, मग डी, आणि 60 च्या खाली एफ. नेमकी पट्टी मात्र त्या त्या प्राध्यापकांची. सिलॅबसमध्ये गृहपाठाला किती टक्के, क्विझला किती, मिडटर्मला किती, उशिरा दिलेलं काम घेणार की नाही, सगळं लिहिलेलं असतं. तो पहिल्याच दिवशी पूर्ण वाचा. शेवटच्या आठवड्यात नाइट मारून पेपर काढायची आपली सवय इथे कामाची नाही. फायनलला अनेकदा एकूण गुणांतला चौथा हिस्साच असतो. बाकीचे गुण दर आठवड्याला मिळत किंवा जात असतात.

आता जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेड्सची सरासरी. ए ला 4 पॉइंट्स, बी ला 3, सी ला 2, डी ला 1, एफ ला शून्य. पॉइंट्सना विषयाच्या युनिट्सनी (विषयाचं वजन सांगणाऱ्या आकड्याने) गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण युनिट्सनी भागायचं. समजा 5 युनिट्सच्या कॅल्क्युलसला सी, 3 युनिट्सच्या इंग्रजीला ए आणि 1 युनिटच्या पोहण्याला ए मिळाला. 10, 12 आणि 4 मिळून 26. भागिले 9, म्हणजे 2.89. तीन विषयांपैकी दोनांत ए असूनही जीपीए तीनच्या खाली, कारण वजन कॅल्क्युलसचं आहे. म्हणून वेळ वाटताना जास्त युनिट्सच्या विषयाला झुकतं माप द्या. काही कॉलेजं प्लस-मायनसही देतात: ए मायनसला 3.7, बी प्लसला 3.3. ए प्लस मिळाला तरी पॉइंट्स 4 च, आणि सी मायनस इथल्या कम्युनिटी कॉलेजांत देतच नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते विषय सोडण्यावरून, त्यामुळे हे नीट वाचा. साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) खूणही राहत नाही. त्यानंतर, उशिरात उशिरा टर्मचा 75 टक्के काळ संपेपर्यंत, सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉवल, म्हणजे विषय सोडल्याची खूण) लागतो. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. आपल्या घरांत विषय सोडणं म्हणजे नापास होण्यासारखंच मानतात आणि मुलं त्या धास्तीने अडून बसतात. माझं स्पष्ट मत आहे, एफ दिसत असेल तर वेळेत डब्ल्यू घ्या. पण डब्ल्यूंचा ढीग नको: एकच विषय साधारणपणे तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यूही त्यात मोजतात. वर्गाला जाणं थांबवलं की नाव आपोआप निघेल, हे गृहीत धरू नका. कॉलेजच्या पोर्टलवर स्वतः ड्रॉप करा (विषय सोडा), नाहीतर थेट एफ येऊ शकतो. एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) असाल तर विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, कारण पूर्ण टर्ममध्ये परवानगीशिवाय 12 युनिट्सच्या खाली गेलात तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

अक्षरी ग्रेडऐवजी पास-नो पासची सोयही असते. पास म्हणजे सी किंवा वर, आणि तो जीपीएत धरत नाहीत. पुढे ज्यात पदवी घ्यायची त्याच्या विषयांना मात्र अक्षरी ग्रेडच घ्या.

आपल्यासारखी एटीकेटी इथे नाही. डी किंवा एफ आला तर पूर्ण विषय पुन्हा घ्यायचा. नव्या ग्रेडने जीपीए सुधारतो, जुनी ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर दिसत राहते. सेमिस्टर पद्धतीत 12 युनिट्स (क्वार्टर पद्धतीत 18) झाल्यावर जीपीए 2.0 च्या खाली असेल तर प्रोबेशन (अभ्यास घसरल्याचा अधिकृत इशारा) लागतं. तसं झालं तर लपवू नका, लगेच कॉलेजच्या काउन्सेलरना (सल्लागारांना) भेटा. त्यांच्या भेटीचे पैसे पडत नाहीत.

असोसिएट पदवीला (कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीला) 60 सेमिस्टर युनिट्स आणि किमान 2.0 लागतो. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर व्हायचं तर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना किमान 2.4, इतरांना 2.8. हा फक्त अर्ज करण्याचा उंबरठा आहे. यूसीच्याच बर्कलीत कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर चारच्या जवळच राहायला हवं. आणि कॉलेज बदललं म्हणून जुना जीपीए पुसला जात नाही, सगळ्या कॉलेजांच्या ग्रेड्स दाखवाव्याच लागतात.

पहिल्या टर्मला दोन-तीनच विषय घ्या. एफ-वनवाल्यांना 12 युनिट्स घ्यावीच लागतात, त्यांनी निदान गणित, केमिस्ट्री आणि फिजिक्स एकदम घेऊ नये. ड्रॉपच्या तारखा प्रत्येक वर्गाच्या वेगळ्या असतात, सहा आठवड्यांच्या वर्गांत तर फारच लवकर येतात. पोर्टलवर त्या वर्गाच्या माहितीत मिळतील; नाव नोंदवाल त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.