गणपतीच्या पडद्याला झिगझॅग आणि नक्षीची टीप कशी घालावी

गणपती जवळ आले की कोकणात मखरामागच्या पडद्याची तयारी सुरू होते. पडदा बहुतेक वेळा जुन्या सुती साडीचाच. कडा मोकळ्या सोडल्या तर पुढच्या वर्षी धुताना धागे सुटतात, म्हणून आधी कडेला झिगझॅग, मग नक्षी. मशीनला झिगझॅगची सोय असेल तर फॉल-पिकोच्या दुकानात जायची गरज नाही.

पावसाळ्यात सुरुवात सुईपासून करा. इथल्या दमट हवेत पेटीत पडून राहिलेली सुई गंजते आणि कापडाचे धागे ओढते. टोक नखावरून हलकेच फिरवा, खरखर लागली तर ती टाकून द्या. पातळ सुतीला ११ नंबर, जरा जाड असेल तर १४. कापड इस्त्री करून चांगलं कोरडं होऊ द्या.

आता फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, बदला. सरळ टिपेच्या फुटाला एकच बारीक भोक असतं आणि झिगझॅगमध्ये सुई डावीउजवीकडे जाते. ती त्या फुटावर आपटून मोडते. आडवी फट असलेला फूट लावा, सुईखालची पट्टीही तशीच हवी. पायडल मारण्याआधी हातचाक आपल्याकडे फिरवून दोन-चार टाके घेऊन बघा.

कडेसाठी टाक्याची रुंदी ४, लांबी २ ठेवा. सुई उजवीकडे येईल तेव्हा कापडाच्या जेमतेम बाहेर पडली पाहिजे. कड आत वळून नळीसारखी होत असेल तर रुंदी कमी करा.

भरीव पट्टी हवी असेल, म्हणजे साटीन टीप, तर लांबी ०.५ किंवा त्याहून थोडी कमी करा. खरं कौशल्य इथे लागतं. खाली कोरा कागद ठेवा, नाहीतर पातळ कापड चुण्या धरतं. काम झाल्यावर तो फाडून काढता येतो. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, थोडं सैल करा, म्हणजे बॉबीनचा (खालच्या रिळाचा) दोरा वर दिसणार नाही. कोपऱ्यावर सुई बाहेरच्या बाजूला कापडात खुपसलेली असतानाच फूट उचला आणि कापड वळवा. आतल्या बाजूला असताना वळवलंत तर बाहेर रिकामा त्रिकोण राहतो. हे सगळं आधी त्याच साडीच्या तुकड्यावर करून बघा. वेगळ्या कापडावर जमलेले आकडे इथे जुळतीलच असं नाही.

पानं, लाटा, कमानी अशा तयार नक्षीसाठी खडूने सरळ रेघ आखा आणि मशीन हळू चालवा. काही नक्षींमध्ये मशीन कापड पुढेमागे दोन्हीकडे सरकवतं, तेव्हा हाताने ओढू नका, फक्त दिशा द्या. एक पान पूर्ण झालं की मगच थांबा. शेवटी उलटी टीप मारू नका, गाठ ठसठशीत दिसते. दोरे मागे ओढून हाताने गाठ मारा.

साडीला जरीचा काठ असेल तर नक्षीची एकच ओळ घाला आणि ती काठापासून दोन बोटं दूर ठेवा. दोन्ही शेजारी आली की जरीची शोभा जाते. पडदा उलट्या बाजूने इस्त्री करा, जरीवर सुती फडकं ठेवून.

काम संपलं की सुई काढा, पट्टीखालची कापसाची धूळ ब्रशने झाडा, तेलाचा थेंब सोडा आणि तेल कापडाला लागू नये म्हणून एखाद्या चिंधीवर थोडी टीप मारून घ्या.